आठशे एमएल पाणी आणि आजची भाकर

आमच्या ओट्यावर एक प्लास्टिकची बाटली ठेवलेली असते. तिच्यावर काळ्या मार्करने रेघा मारल्यात, १००, २००, ३०० अशा वर ८०० पर्यंत. रोज पहाटे मी ती भरते आणि दिवसभर यांना जे काही प्यायचं ते त्यातूनच. चहा दिला की कपभर पाणी बाटलीतून कमी करायचं, वरण पातळ झालं तर तेही धरायचं, गोळ्या गिळायला लागतं ते पाणीसुद्धा त्यातलंच. रात्री झोपताना बाटली रिकामी झाली की दिवस संपला.

यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, तीन वर्षं होतील या ऑगस्टमध्ये. बीपी आधीपासून होतं, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही, हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीचं स्टोअर सांभाळायचे, तिथल्या धावपळीत पाय सुजतात हे दुर्लक्षच झालं, मग एक दिवस रक्त तपासलं आणि क्रिएटिनिनचा (किडनी किती काम करते ते दाखवणारा) आकडा पाहून डॉक्टरांनी थेट डायलिसिसच सांगितलं. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रत्येक वेळी चार तास. ज्यांच्या घरात हे नाही त्यांना सांगते, डायलिसिसवरच्या माणसाला लघवी फार कमी होते, काहींना तर होतच नाही, म्हणजे जे पाणी प्यायलं ते अंगातच साचतं, पायात, चेहऱ्यावर, आणि जास्त झालं तर फुप्फुसात. म्हणून साधारण हिशोब असा की दिवसभरात जेवढी लघवी होते तेवढं आणि वर ५०० एमएल. यांना ३०० धरून ८०० सांगितलंय.

आता ८०० एमएल म्हणजे काय ते मे महिन्यातल्या नागपूरकराला वेगळं सांगायला नको. पारा ४५ च्या खाली यायला तयार नसतो, नवतपा लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आपण निरोगी माणसं बाहेरून आलो की माठातलं दोन तांबे पाणी उभ्या उभ्या ढोसतो. आणि हे खाटेवर कूलरसमोर बसून बर्फाचा एक छोटा तुकडा जिभेवर घोळवत असतात. तो तुकडा पण मी मोजूनच देते.

मी ख्रिस्ती घरात जन्मले, ख्रिस्ती घरात दिली, मेकोसाबागेत राहतो आम्ही. प्रार्थना काही मला नवीन नव्हती. जेवणाआधी, झोपण्याआधी, परीक्षेआधी, पोरगी पुण्याला शिकायला निघाली तेव्हा दारात उभं राहून. पण खरं सांगते, तोवर मी जी प्रार्थना करत होते ती सगळी सुखातल्या माणसाची प्रार्थना होती. अडचण आली की देवाला सांगायचं, अडचण गेली की आभार मानायचे, आणि मधल्या काळात फारसं काही बोलायचं नाही.

आजार निघाला तेव्हा पहिले चार-सहा महिने मी एकच मागत होते, प्रभू यांना बरं कर. पूर्ण बरं कर. उपास केले, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गुडघ्यावर बसले, दर महिन्याचा रिपोर्ट हातात घेताना वाटायचं आज आकडा खाली आला असेल. नाही यायचा. आणि जोडीला दुसरं एक मागणं असायचं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, की बाबा तू बरं करणार नसशील तर मला एवढी ताकद दे की पुढची दहा-पंधरा वर्षं मी हे सगळं न थकता करेन. म्हणजे एकदाच काय ती टाकी भरून दे, मग मी बघून घेते. ती टाकीही कधी भरली नाही. रोज पहाटे पाचला अलार्म वाजला की छातीत तोच गोळा, आज नाही जमणार मला. शाळेच्या ऑफिसमधली माझी क्लार्कची नोकरी, यांचा डबा, बटाटे चिरून गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकायचं (त्याने पोटॅशियम कमी होतं), मशीनचा नंबर सांभाळायचा, योजनेचे कागद. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं म्हणून आम्ही उभे तरी आहोत, पण औषधं, इंजेक्शन, येणं-जाणं हे सगळं आपलंच असतं.

मग एका रविवारी भक्तीत प्रभूची प्रार्थना म्हणताना मी अडखळले. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली प्रार्थना, झोपेतही म्हणेन, आणि त्या दिवशी एका ओळीवर अडकले. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." आज. महिन्याची नाही, वर्षभराचं धान्य कोठीत भरून दे असं नाही. प्रभूने आपल्या शिष्यांना मागायला शिकवलं ते एवढंच, आजची भाकर आज. बाकीचे पुढची ओळ म्हणत होते आणि मी तिथेच थांबले होते.

घरी येऊन बायबलातल्या निर्गमचा १६ वा अध्याय काढला. इस्राएल लोक रानात आहेत, खायला नाही, कुरकुर करताहेत, आणि देव मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, देतो. पण कसा देतो ते बघा. रोज सकाळी, माणशी एक ओमर (तेव्हाचं धान्याचं माप), मोजून. ज्याने जास्त गोळा केला त्याला काही जास्त उरलं नाही, ज्याने कमी केला त्याला कमी पडलं नाही. आणि काहींनी उद्यासाठी म्हणून ठेवला तर सकाळी त्यात किडे पडले, घाण वास सुटला. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचा, तेव्हा तो नासायचा नाही. हा अध्याय संडे स्कूलमध्ये पोरांना मीच शिकवलाय किती वेळा, कागदाचे पांढरे तुकडे जमिनीवर टाकून त्यांच्याकडून वेचून घ्यायचे. पण त्या दिवशी ओट्यावरची ती रेघा मारलेली बाटली समोर दिसत होती आणि मला पहिल्यांदा कळलं की माझा देव मोजून देणारा पण आहे. कंजूष म्हणून मोजत नाही तो. मी यांना मोजून पाणी देते ते काय प्रेम नाही म्हणून देते का? जास्त दिलं तर जीव जाईल म्हणूनच ना.

तेव्हापासून मी ती टाकीवाली प्रार्थना सोडली. पहाटे बाटली भरताना, नळाखाली पाणी वर वर चढत असतं, तेवढ्या अर्ध्या मिनिटात म्हणते, प्रभू, ८०० यांना, आणि मला आजच्यापुरतं. बस. यापेक्षा लांब प्रार्थना सकाळी होत नाही माझ्याकडून, आणि मला नाही वाटत त्याला चालत नाही.

पण ही गोष्ट एवढ्यावर मिटली असं नाही. मिटली असती तर मी लिहायलाच बसले नसते.

गेल्या वर्षी मे महिन्यात नात्यातलं एक लग्न होतं. मंडपात उकाडा, हे माझ्यापासून लांब पुरुषांच्या बाजूला, तिथे कोणी पन्हं आणून दिलं, कोणी मठ्ठा, एवढ्या गरमीत नाही म्हणायचं तरी किती वेळा, आणि माणूस तहानलेला. मला घरी येऊन सांगितलं की दोन घोटच घेतले. रात्री एक वाजता उठून बसले. आडवं होता येईना, दम लागला, घशातून घरघर आवाज यायला लागला जसा हुक्क्यातून येतो. शेजारचा पोरगा देवासारखा धावून आला, त्याच्या गाडीत घालून नेलं. काट्यावर वजन तीन किलो आठशे जास्त भरलं, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर पाणी अंगात. तातडीने मशीनवर घेतलं. आणि मग तिथल्या सिस्टरला बोलता बोलता यांनी सांगून टाकलं की फक्त लग्नातच नाही, कित्येक दिवसांपासून हे मी शाळेत गेल्यावर माठातून चोरून पाणी पीत होते.

बाहेर कॉरिडॉरमध्ये लोखंडी बाकावर बसले होते मी. मला इतका राग आला होता. यांच्यावर आला, देवावर तर त्याहून जास्त. मी एवढं मोजते, एवढं जपते, रोज तुझ्यापुढे हात पसरते आणि तू हे होऊ दिलंस? प्रार्थना करायला डोळे मिटले तर शब्दच नाहीत. नुसतं प्रभू, प्रभू, आणि पुढे काही नाही. रोमकरांच्या पत्रात आठव्या अध्यायात लिहिलंय ना, प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसतं तेव्हा पवित्र आत्मा स्वतःच शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. ते वचन मला तेव्हा आठवलं नाही हो. नंतर आठवलं. तेव्हा तर फक्त कण्हणंच होतं.

पहाटे चारच्या सुमारास तिथली झाडूपोछा करणारी मावशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, काही खाल्लं का तुम्ही?" मी मान हलवली. तिने आपल्या डब्यातली पोळी काढली, त्यावर मिरचीचा ठेचा, आणि म्हणाली, "खाऊन घ्या आधी. अजून दोन-तीन तास लागतीन त्याइले." आणि थर्मासातला चहा झाकणात ओतून दिला. मी खाल्लं. रडत रडत खाल्लं, ठेचा तिखट होता आणि मला ते निमित्त बरं पडलं.

एलीयाची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ राजे, १९ वा अध्याय. मोठा संदेष्टा, पण जीव वाचवायला रानात पळालेला, एका झुडपाखाली बसून म्हणतो, प्रभू आता पुरे, माझा प्राण घे. आणि तसाच झोपी जातो. देवदूत येतो तेव्हा त्याला उपदेश करत नाही, तुझा विश्वास कुठे गेला म्हणून झापत नाही. हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, परत तेच, ऊठ खा, कारण तुला लांबचा पल्ला गाठायचाय. मी त्या मावशीचं नाव विचारलं नाही याची मला आजही रुखरुख आहे. पण त्या पहाटे आजची भाकर आज मिळाली होती आणि ती अक्षरशः पोळीच होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायचीये कारण मला त्याचा फार त्रास झालाय. त्या प्रसंगानंतर कोणीतरी आम्हाला एका प्रार्थना सभेला घेऊन गेलं आणि तिथे यांना सांगितलं गेलं की तुमचा विश्वास पक्का असेल तर मशीनवर जाणं बंद करा, डायलिसिस म्हणजे देवावर शंका घेणं आहे. यांचा चेहरा पडला तो मी बघितला. आजारी माणसाला असं म्हणणं म्हणजे त्याच्या दुखण्यावर दोषाचं आणखी एक ओझं ठेवणं आहे. बायबल असं कुठे शिकवतं? हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, त्याने प्रार्थना केली, देवाने ऐकली, आयुष्याची पंधरा वर्षं वाढवली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने सांगितलं की अंजिराचं पोटीस आणून गळवाला लावा. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. माझ्या सासूबाई म्यूर मेमोरियलमध्ये नर्स होत्या, सीताबर्डीचं ते मिशनचं हॉस्पिटल १८९६ पासूनचं, आयुष्यभर त्यांनी तिथे लोकांची सेवा केली. त्या म्हणायच्या, नाडीवर बोट ठेवून प्रार्थना करावी, नाडी सोडून करू नये. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा आजार असेल आणि कोणी औषध सोडायला सांगत असेल तर कृपा करून ऐकू नका. विश्वास ठेवा आणि वेळेवर मशीनवर जा, दोन्ही करा.

आणि तुमचा विश्वास कमी पडला म्हणून बरं झालं नाही, असं म्हणणाऱ्यांना मी आता स्तोत्रसंहिता उघडून देते. तेरावं स्तोत्र सुरूच होतं की हे परमेश्वरा, कुठवर तू मला विसरणार? ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत रडणंच आहे, शेवटचा शब्दसुद्धा अंधाराचा. ती पण प्रार्थनाच आहे, ती पण देवाच्या वचनात बसलीये, कोणी खोडली नाही. मी हिस्लॉप कॉलेजची बीकॉम. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, शाळा काढली, इथले दगड-जीवाश्म अभ्यासले, गोंडांच्या बोलीचे शब्द गोळा केले. आणि ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची दगडी वर्तुळं बघून परत येताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात वाहून गेले. तो माणूस काय प्रार्थना करत नसेल? विश्वास कमी होता का त्यांचा? कॉलेज तर त्यांच्यानंतर वीस वर्षांनी, १८८३ ला निघालं. कॉलेजात असताना मी ही माहिती परीक्षेपुरती वाचली होती, आता डायलिसिसच्या वेटिंगमध्ये बसून त्याच्यावर विचार करते.

वेटिंगमध्ये बसून खूप काही होतं खरं तर. आता कडबी चौकातून आम्ही मेट्रोने जातो, पहाटेची शिफ्ट असली की रिक्षाने, येताना मेट्रो. गड्डीगोदामला खाली रेल्वे आणि वर मेट्रो, तिथून कस्तुरचंद पार्कचं मैदान दिसलं की हे डोळे उघडतात, नाहीतर मशीनवरून उतरल्यावर माणूस पिळून काढल्यासारखा होतो, बोलत नाही. मी तेवढ्या वेळात नावं घेते. एका जुन्या डायरीत लिहून ठेवलीत. आमच्या शिफ्टचे सगळे त्यात आहेत. इंदोऱ्याचे एक दादा आहेत, मशीन लावताना हळू आवाजात त्रिशरण म्हणतात. एक खाला आहेत, ताजबागेहून आणलेला धागा हातात, सुई टोचायच्या वेळी बिस्मिल्ला म्हणून डोळे मिटतात. एक आजोबा दर मंगळवारी टेकडी गणपतीला जातात आणि बुधवारी सगळ्यांना प्रसादाचा कण देतात, कणच, कारण गोड-खारट सगळ्यांनाच मोजून. सुरुवातीला मी मनातल्या मनात प्रार्थना करायचे, आता खालाच मला म्हणतात, "बेटा, मेरे लिए भी बोलना अपने येशू को।" मी बोलते. मागच्या हिवाळ्यात त्यांची मशीन सुरू असताना बीपी एकदम खाली गेला, सगळी धावाधाव, तेव्हा मी त्यांचे पाय वर धरून उभी होते आणि इंदोऱ्याचे दादा आपल्या मशीनवरूनच ओरडून सिस्टरला बोलावत होते.

हिवाळ्यावरून आठवलं. नागपुरात राहून संत्रं खायचं नाही ही शिक्षा काय असते ते किडनीवाल्या घरालाच ठाऊक. पोटॅशियम असतं त्यात, हृदयावर येऊ शकतं. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री हातगाड्यांवर डोंगरासारखी रचलेली असतात, लोक प्रेमाने पिशवी भरून आणून देतात. पहिल्या वर्षी मी आणि पोरगी गच्चीवर जाऊन खायचो, यांना दिसू नये म्हणून. मग एक दिवस हेच म्हणाले, "अगं, इथेच सोल माझ्यासमोर. वास तरी घेऊ दे." मी सोलत बसले, यांनी सालीचा एक तुकडा घेतला, दोन बोटांत दाबला, तो बारीक फवारा उडाला आणि यांनी डोळे मिटून वास घेतला. कितीतरी वेळ. मग ती साल उशीखाली ठेवली. त्या दिवशी जेवणाआधीची प्रार्थना यांनी केली आणि त्यात संत्र्याच्या वासासाठी आभार मानले.

आता यंदाच्या गुड फ्रायडेचं सांगते, त्यासाठीच मुख्यतः लिहायला घेतलंय.

आमच्याकडे गुड फ्रायडेला बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना असते. प्रभू वधस्तंभावर जे सात शब्द बोलला त्यावर मंडळीतले सात जण एकेक करून बोलतात. पाळकसाहेब मार्चमध्येच घरी आले, यांना म्हणाले, "पाचवा शब्द तुम्ही घ्या." पाचवा शब्द म्हणजे "मला तहान लागली आहे." योहान १९ चं २८ वं वचन. मला वाटलं यांना वाईट वाटेल. मी पाळकसाहेबांकडे बघितलं पण ते यांच्याकडेच बघत होते. हे बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "घेतो."

शुक्रवार म्हणजे डायलिसिसचा वार. पहाटेची पहिली शिफ्ट मागून घेतली, साडेदहाला सुटलो, घरी येऊन यांनी पांढरा शर्ट घातला, डाव्या हाताची बाही सुया टोचतात त्या फिस्टुलावरच्या पट्टीवरून हळूच ओढून घेतली, आणि आम्ही चर्चला गेलो. उन्हाने डोकं फुटत होतं. पंखे फिरत होते पण हवा गरमच. मागच्या बाकावर बसले, पाचव्याची वेळ आली तेव्हा उठले, पुढे जाताना बाकांना धरत धरत गेले. माझे तळहात ओले झाले होते.

हे बोलले जेमतेम पाच मिनिटं. कागद नव्हता हातात. जेवढं आठवतं तेवढं लिहिते. म्हणाले, मला तहान म्हणजे काय ते कळतं. तीन वर्षं होत आली. मी माझ्या बायकोपासून लपवून पाणी प्यायलो, कारण तहान लागलीये असं म्हणायची मला लाज वाटायची, ती बिचारी एवढं करते आणि मी काय तेच तेच रडगाणं लावू. पण माझा प्रभू बघा. शोमरोनी बाईला विहिरीवर म्हणाला, मला प्यायला दे. आणि वधस्तंभावर, सगळं संपत आलं असताना, ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासमोर म्हणाला, मला तहान लागली आहे. ज्याने समुद्र केला त्याला तहान बोलून दाखवायला लाज वाटली नाही. आणि त्याला काय मिळालं, आंबट द्राक्षारसात भिजवलेला एक बोळा. तेवढाच. तो त्याने घेतला.

मग थांबले. घसा कोरडा पडला होता, ओठ जिभेने ओले केले, माईकमध्ये तो आवाजही ऐकू आला. आणि म्हणाले, मी आता चोरून पीत नाही. तहान लागली की आधी त्याला सांगतो, मग हिला सांगतो. तहान जात नाही. पण मी तहानेत एकटा राहत नाही.

एवढंच बोलून खाली आले. मंडळीत कोणी हललं नाही. मी रुमाल तोंडात धरून बसले होते.

मला त्या दिवशी आणखी एक कळलं, ते माझ्याबद्दलचं. नात्यातल्या त्या लग्नाच्या रात्री मी यांच्यावर चिडले होते की तहान लपवली. पण मी तरी काय करत होते? दहा-पंधरा वर्षांची ताकद एकदाच मागत होते म्हणजे मला रोज रोज देवाकडे जाऊन, आज मी रिकामी आहे, असं म्हणावं लागू नये म्हणूनच ना. मीसुद्धा लपवतच होते. मंडळीतल्या बायका विचारायच्या, कशा आहात, मी म्हणायचे प्रभूच्या कृपेने मजेत. आता नाही म्हणत. मागच्या गुरुवारच्या कॉटेज मीटिंगमध्ये (घरी भरणारी प्रार्थना सभा) सरळ सांगितलं, मी फार थकलीये, मला रात्री झोप लागत नाही. तर एकीने शनिवारी यांच्याजवळ बसायचं ठरवलं, एकीने डबा, बिनमिठाचा, कसा करायचा ते विचारून घेतला. पौलाला प्रभू म्हणाला होता, "माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते." मी या वचनाची फ्रेम हॉलमध्ये लावलीये लग्नापासून, आणि अशक्तपणा काय तो चारचौघांत बोलायला मला एवढी वर्षं लागली.

यांच्या डाव्या मनगटाच्या वर फिस्टुला आहे, ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकांना जोडलेली असते, तिथूनच सुया टोचतात. त्यावर हात ठेवला की आत सतत एक थरथर लागते, डॉक्टर त्याला थ्रिल म्हणतात, मांजर मांडीवर बसून गुरगुरते ना तशी. ती रोज तपासायची असते. थांबली तर लगेच पळायचं. म्हणून रोज रात्री झोपण्याआधी मी यांच्या मनगटावर बोटं ठेवते, ती थरथर लागली की आम्ही दोघं प्रार्थना करतो. सासूबाई म्हणायच्या तसं, नाडीवर बोट ठेवून. आधी मी करते, मग हे. पुण्याहून पोरगी व्हिडिओ कॉलवर असली तर ती शेवटचं आमेन म्हणते.

आजही केली. उद्या बुधवार, सव्वापाचला निघायचंय, फाइल-चादर-स्वेटर सगळं पिशवीत भरून ठेवलंय (मशीनवर थंडी वाजते, मे महिन्यातही). प्रार्थना झाल्यावर मी ओट्याकडे गेले आणि बाटली उचलून बघितली.

"किती उरलं गं?" हे आतून विचारून राहिले होते.

"साठ असेल."

"ठेवून दे. उद्या मशीनवर फार तहान लागते, उद्याच्यात धरू."

मी ते ग्लासात ओतून यांच्या हातात आणून दिलं. म्हटलं, "उद्याचं उद्या भरते ना मी. हे आजचं आहे, पिऊन घ्या."

यांनी घोट घोट करत, प्रत्येक घोट तोंडात फिरवत ते साठ एमएल संपवायला चांगली दहा मिनिटं लावली. मी तोवर बाजूला बसून होते.